नाणेघाटाचा रांजण आणि परदेशी पेटी

जकातदार हा शब्द आपल्या कानांना परका नाही. सप्टेंबरच्या 21 तारखेला आपण ज्या प्रेषिताचा सण पाळतो, तो मत्तय पाचारण होण्यापूर्वी जकातीच्या नाक्यावर बसत असे. कफर्णहूम हे सरोवराकाठचे गाव. हेरोद अंतिपाची हद्द तेथून जवळच संपे आणि त्याच्या भावाची, फिलिपाची हद्द सुरू होई. हद्द आली की नाका आला, आणि नाका आला की मेज मांडून बसणारा माणूस आलाच. यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य. शुभवर्तमानात ही मंडळी लोकांच्या रोषाचे धनी म्हणूनच भेटतात, आणि प्रभू मात्र त्यांच्या घरी जेवायला जातो.

या जकातदाराची आठवण आम्हांला एका साध्या प्रश्नामुळे झाली. शहापूरकडच्या एका लहानशा ख्रिस्ती वस्तीतील गायकवृंदाच्या मुलांनी आम्हांला विचारले, “परदेशातून एक वाद्य मागवायचे मनात आहे. तिथली किंमत आम्हांला ठाऊक आहे. तेवढे पैसे जमले की झाले ना?” मुलांनी नाताळच्या गीतफेरीत आणि सणाच्या दिवसांत पैसा पैसा जमवला होता. त्यांना खोटी आशा दाखवणे बरे नव्हते आणि नाउमेद करणेही बरे नव्हते. उत्तर द्यावे म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि हिशेब करता करता पार दोन हजार वर्षे मागे गेलो. कारण दूरदेशीची वस्तू, तिचे भाडे आणि तिच्यावरची जकात यांचा आपल्या परिसरातील सर्वांत जुना साक्षीदार शेजारच्या मुरबाड तालुक्याच्या माथ्यावरच उभा आहे.

घाटमाथ्यावरचा रांजण

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे लागते. तेथून पुढे डाव्या-उजव्या हाताच्या रानातून वर चढत जाणारी पायवाट म्हणजे नाणेघाट. वाट दगडांनी बांधलेली आहे. वर गेले की कातळात कोरलेले लेणे लागते आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख दिसतो. हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. राजाने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी किती दिली, त्यांचे आकडे दगडात खोदलेले आहेत. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

लेण्याच्या पलीकडे, खिंड संपते तेथे एक भला मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने जकातीचे नाणे या रांजणात टाकायचे, अशी परंपरा सांगतात. आम्ही त्या रांजणात डोकावून पाहिले तेव्हा तळाशी पावसाचे पाणी आणि वाळलेली पाने होती. पण ज्या जागी तो ठेवला आहे ती जागाच बोलकी आहे. खाली कोकण, वर देश. खाली कल्याण बंदर, वर जुन्नरची पेठ. दोहोंच्या मध्ये एकच अरुंद खिंड. जो कोणी जाणार तो येथूनच जाणार. नाका कोठे बसवावा हे ज्याला कळले, त्याला राज्य चालवणे कळले असे म्हणायला हरकत नाही.

कल्याण बंदरात माल कोठून येई? पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे एक नाविकांचे टिपण उपलब्ध आहे. त्यात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण पुढे एका राजाने तेथील व्यापाराला अटकाव केला आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नाविक लिहितो. म्हणजे ‘येथे उतरू नका, तेथे उतरा’ असा हुकूम करणारी सत्ता तेव्हाही होती. याच टिपणात भडोचला राजासाठी आणल्या जाणाऱ्या भेटींची यादी आहे. चांदीची भांडी, उंची मद्य यांच्याबरोबरच तीत संगीत जाणणारी मुलेही आहेत. त्या काळी परदेशी सूर हवा असेल तर गाणारा माणूसच माल म्हणून जहाजात चढवला जाई! आज आपण केवळ लाकूड आणि तारा मागवतो, याबद्दल परमेश्वराचे आभार मानले पाहिजेत.

थळभरीत, थळमोड आणि हुंडेकरी

मराठ्यांच्या राज्यात जकातीचा पसारा वाढला. माल जेथे भरला तेथे एक कर, तो थळभरीत. जेथे विकला तेथे दुसरा, तो थळमोड. मधल्या वाटेवर चौक्या निराळ्या. एका परगण्याचा नाका ओलांडून दुसऱ्यात शिरताना पुन्हा थैली सोडावी लागे. या कटकटीतून वाट काढणारा एक वर्गही तयार झाला. त्यांना हुंडेकरी म्हणत. व्यापाऱ्याने त्यांना एकच ठोक रक्कम द्यावी आणि वाटेतल्या सगळ्या नाक्यांचा भरणा त्यांनी आपल्या अंगावर घ्यावा, असा हा व्यवहार. आज बंदरावर कागद घेऊन धावपळ करणारा क्लिअरिंग एजंट म्हणजे त्या हुंडेकऱ्याचाच वंशज. नाव इंग्रजी झाले, धंदा तोच राहिला. इंग्रजी अमलात 1838 साली मुंबई इलाख्यातील वाटेवरच्या जकाती उठल्या आणि जकातीचे मेज घाटातून उचलून बंदरावर मांडले गेले.

याच काळातील एक गोष्ट आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर टांगलेली प्रचंड घंटा त्यांतलीच, आणि तिच्यावर 1721 हे साल आहे. मुरबाडच्या डोंगररांगेला लागून असलेल्या भीमाशंकरलाही वसईची अशीच एक घंटा आहे. घंटा हेही वाद्यच. किंबहुना आपल्या उपासनेचे ते सर्वांत मोठे आणि सर्वांत लांब ऐकू जाणारे वाद्य. कोकणातून देशावर जायचे म्हणजे घाट चढणे आले, आणि अशी धातूची घंटा घाटातून चढवायला किती बैल आणि किती खांदे लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. या घंटांवर कोणत्याही नाक्यावर जकात घेतली गेली नसावी. कारण त्या विकत घेतलेल्या नव्हत्या. वाद्य परक्या हाती फुकट जाते ते असे. उलट, जकात भरून आणलेल्या वाद्यावर आपला हक्क शाबीत होतो, हेही या गोष्टीतून कळते.

जहाजाचे भाडे आणि काळाचे भाडे

‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ! जहाजात जागा थोडी, पाणी मोजके, अन्न खारवलेले. अशा प्रवासात लाकडी वाद्य नेणे म्हणजे काय असेल? उष्ण कटिबंधातील दमटपणाने लाकूड फुगते, पुढे उन्हाने तडकते, सरस सुटतो. वाटेत जे बिघडते त्याचीही किंमत वाद्याच्या मूळ किमतीतच मिळवावी लागते. जहाजाचे भाडे रुपयांत मोजता येते, काळाचे भाडे मोजता येत नाही.

1869 च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींनी महिन्यांचे आठवडे केले. तोवर इकडे लोहमार्गही घाटाच्या पायथ्याला आला होता. मुंबई-ठाणे गाडी 1853 ची. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, 1855 मध्ये वाशिंदला, 1861 मध्ये कसाऱ्याला, आणि 1865 मध्ये थळ घाट चढून गाडी इगतपुरीला गेली. शहापूर तालुका असा मुंबई बंदराशी थेट जोडला गेला. मुरबाड मात्र रुळांपासून दूर राहिले. तेथे न्यायचा माल कल्याणला उतरवून बैलगाडीत चढवावा लागे. एकाच पेटीसाठी आसनगावला एक खर्च आणि मुरबाडला दुसरा. शेवटच्या दहा-वीस मैलांचे भाडे कित्येकदा हजार मैलांच्या भाड्याहून जाचक वाटते, हा अनुभव तेव्हाचा आणि आजचाही.

पेटी आपली कशी झाली

याच आगबोटींतून हार्मोनियम आपल्याकडे आली. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन याने 1840 च्या दशकात तिला आकार दिला. ती मूळची पायाने भाता मारण्याची, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवण्याची आणि घरातील कपाटाएवढी अवजड. युरोपात ज्या चर्चला मोठा पाइप ऑर्गन परवडत नसे ते ही पेटी घेई, आणि मिशनरीही ती आपल्याबरोबर दूरदेशी नेत.

आता जकातीकडे पाहू. 1882 मध्ये हिंदुस्थान सरकारने बहुतेक आयात मालावरील कर उठवले आणि 1894 मध्ये पुन्हा 5 टक्के कर बसवला. मधली बारा वर्षे मीठ, मद्य असे काही जिन्नस सोडले तर परदेशी माल मुंबईत विनाजकात उतरत होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली रंगभूमीवर आले होते. मराठी संगीत नाटक भरास येऊ लागले आणि पेटीला आपल्याकडे मागणी वाढली, ती या काळाच्या आगेमागेच. पुढे पहिल्या महायुद्धाने सरकारी तिजोरी रिकामी केली. 1921 आणि 1922 च्या अंदाजपत्रकांनी आयातीवरील कर चढवले. सर्वसाधारण मालाला 15 टक्के, आणि ‘चैनीच्या’ वस्तूंना 30 टक्के. मोटारी, रेशीम, घड्याळे यांच्या पंक्तीला वाद्येही बसवण्यात आली. ज्या पेटीवर गावचा गायकवृंद भक्तिगीत म्हणणार, ती सरकारच्या लेखी चैन ठरली!

पण तोवर आपल्या कारागिरांनी एक शहाणपणाची गोष्ट करून ठेवली होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हाताने भाता मारण्याची लहान पेटी घडवली. आपला गवई जमिनीवर बसतो, त्याला पायभाता नको. आपल्या गाण्यात एका वेळी एक सूर लागतो, तेव्हा वाजवायला एक हात पुरे, दुसरा भात्याला मोकळा. खालचा पायभात्याचा सांगाडा गेला, वजन उतरले, पेटी डोक्यावर घेऊन जाता येऊ लागली. सागवानी खोका आणि भाता येथे घडवायचा, आणि परदेशातून मागवायचे ते केवळ पितळी सूर. म्हणूनच जुने वाजवणारे अजूनही ‘ही पॅरिसच्या सुरांची’, ‘ही जर्मन सुरांची’ अशी पेटीची ओळख करून देतात. सूर मूठभर जागेत मावतात. कपाटाएवढ्या पेटाऱ्याचे भाडे गेले, मूठभर पितळेचे उरले. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूरही तयार होऊ लागले आणि परदेशी पेटीतला अखेरचा परदेशी भागही देशी झाला. दादरला 1925 पासून हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी दुकाने पेट्या घडवू लागली, आणि कसाऱ्याच्या गाडीने पेटी घरी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

ही पेटी देशी झाली तरी तिच्यावरचा परकेपणाचा शिक्का लवकर पुसला नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये तिला दाराबाहेर ठेवले आणि जवळजवळ तीस वर्षे आत घेतले नाही. आपल्या ख्रिस्तमंदिरांत मात्र तिचे दिवस आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवला, पण स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे आणि पवित्र कार्यास शोभणारी इतर वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरावीत, असेही सांगितले. मराठी मिस्सेत पेटी-तबला घुमू लागला तो या वाऱ्याने. दस्तऐवजात खर्चाचा शब्द नाही. पण डोंगराळ भागातील गरीब धर्मग्रामाला त्याने किती मोठ्या खर्चातून सोडवले, हे आपल्याला कळते.

परवाने, आखात आणि उघडलेली दारे

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती. चैनीची किंवा घरगुती वस्तू परदेशातून मागवायची तर नुसती जकात भरून भागत नसे, परवाना लागे, आणि तो सहसा मिळत नसे. 1991 च्या जुलैपूर्वी काही वस्तूंवरील कर 300 टक्क्यांच्याही वर होता. त्या वर्षी कमाल दर 150 टक्क्यांवर आणला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरत 2007-08 मध्ये शेतीमालाखेरीज इतर मालासाठी तो 10 टक्क्यांपर्यंत खाली आला. आयातीवरील संख्यात्मक बंधनांची 715 वस्तूंची अखेरची यादी 1 एप्रिल 2001 रोजी रद्द झाली.

या बंद दारांच्या काळात वाद्ये आली ती माणसांच्या खांद्यावरून. आखातात नोकरीस गेलेला भाऊ किंवा मामा सुट्टीवर येताना कॅसिओचा की-बोर्ड घेऊन येई. सहार विमानतळावर त्याची खोकी उघडली जात, किंमत विचारली जाई, पावती फाडली जाई. कित्येक धर्मग्रामांतील पहिला विजेवर चालणारा बाजा असाच आला आहे. त्यावर ‘सप्रेम भेट’ म्हणून नाव कोरलेले असते, पण विमानतळावरच्या त्या पावतीची नोंद मात्र कोठे सापडत नाही.

आजचा हिशेब

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. आज परवान्याची अडचण बहुतांशी नाही. नव्हा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे. जहाजाने, विमानाने, कुरियरने, हव्या त्या मार्गाने नवे वाद्य मागवता येते. वापरलेले वाद्य मागवणे मात्र अवघड. जुन्या घरगुती वस्तूंच्या आयातीस आजही परवाना लागतो. हे न कळल्याने हळहळलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत.

हिशेबातली पहिली मेख अशी, की जकात केवळ वाद्याच्या किमतीवर बसत नाही. वाद्याची किंमत, येथपर्यंतचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर ती बसते. म्हणजे भाड्यावरही जकात! प्रत्यक्ष भाडे कळण्याजोगे नसेल तर किमतीच्या 20 टक्के भाडे धरतात, आणि विमा कळत नसेल तर 1.125 टक्के. उदाहरणादाखल वाद्याची किंमत 1,00,000 रुपये घेऊ. भाडे 20,000 आणि विमा 1,125 मिळून झाले 1,21,125. मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरले तर 12,112 रुपये 50 पैसे. त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 1,211 रुपये 25 पैसे. आता ही सारी बेरीज 1,34,448 रुपये 75 पैसे झाली. 1 जुलै 2017 पासून आलेला वस्तू व सेवा कर या बेरजेवर बसतो. तो 18 टक्के धरला तर सुमारे 24,201 रुपये. एकूण 1,58,650 रुपये. एक लाखाचे वाद्य मुंबईच्या बंदरावर दीड लाखाच्या पुढे गेले. शहापूर अजून दूरच आहे. दर बदलत असतात. मागवण्याच्या दिवशी चालू असलेले दर विचारून घ्यावेत. पण करावर कर चढण्याची रीत हीच राहते.

दुसरी मेख वजनाची. विमानाचे भाडे केवळ तराजूवरच्या वजनावर ठरत नाही. तराजूवरचे वजन आणि खोक्याने अडवलेल्या जागेवरून काढलेले वजन, यांपैकी जे जास्त त्यावर ठरते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि कुरियरच्या रिवाजाप्रमाणे 5,000 ने भागावी. 115 बाय 50 बाय 20 चे गिटारचे खोके घेतले तर उत्तर येते 23 किलो. आतली गिटार जेमतेम दोन-तीन किलोची, पण भाडे 23 किलोंचे. पोकळ वाद्य पाठवणे म्हणजे पैसे देऊन हवा आणणे होय. जहाजाने स्वस्त पडते, परंतु सामायिक कंटेनरमध्ये बहुधा किमान एका घनमीटरचे भाडे आकारतात. शिवाय माल वेळेवर सोडवला नाही तर दिवसागणिक डेमरेज चढते. कागद अपुरे असले की आठवडे जातात आणि डेमरेज वाद्याच्या किमतीचा पाठलाग करू लागते.

तिसरी मेख लाकडाची. शिसव आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढते. ब्राझिलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी गिटारवाले हिंदी शिसवाकडे वळले. म्हणजे लाकूड येथून जाते, तेथे वाद्य होते आणि जकात भरून येथे परत येते! वन्य जाति-प्रजातींच्या व्यापाराविषयी जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या सर्व जाती आल्या आणि वाद्यांनाही दाखला लागू लागला. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण ब्राझिलच्या शिसवाला ती नाही. जुन्या पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांचाही प्रश्न तसाच आहे.

‘भेट म्हणून लिहा’

हा सारा आकडेमोडीचा कागद आम्ही मुलांसमोर ठेवला तेव्हा एक जण हळूच म्हणाला, “पण पावतीवर कमी किंमत लिहायला सांगितली तर? किंवा भेट म्हणून लिहिले तर? सगळेच करतात.”

भेटीची वाट कायद्याने आता जवळजवळ बुजवली आहे. डिसेंबर 2019 पासून परदेशातून पाठवलेल्या भेटवस्तूंवरही, जीवरक्षक औषधे आणि राखी सोडून, पूर्ण जकात भरावी लागते. आणि खोटी किंमत लिहिली तर माल जप्त होण्याची आणि दंडाची टांगती तलवार असतेच. पण आम्ही मुलांना कायदा सांगत बसलो नाही. आम्ही त्यांना जक्कयची आठवण करून दिली. त्याने कोणाकडून लबाडीने काही घेतले असेल तर चौपट परत देण्याचे कबूल केले. आपण नेहमी जकातदाराच्या लबाडीबद्दल ऐकतो. मेजाच्या अलीकडे उभा राहणाराही लबाडी करू शकतो, हे मात्र आपण विसरतो. ज्या वाद्यावर उपासनेत स्तुतिगीत वाजायचे, त्याच्या पहिल्याच कागदावर खोटा आकडा असावा काय?

मुले गप्प झाली. मग त्या वस्तीतील एक वृद्ध मास्तर, ज्यांनी आयुष्यभर मुलांना गाणी शिकवली, ते म्हणाले, “बाबांनो, आपली पेटी गेली तीन वर्षे सॅक्रिस्टीत पडून आहे. भाता फाटलाय, चार सूर बोलत नाहीत. आधी ती दुरुस्त करू या का?”

पेटी पुन्हा बाहेर काढली गेली. दादरच्या एका कारागिराकडे नेली तेव्हा त्याने भात्याचे चामडे आणि चार सूर बदलले, आणि घेतलेले पैसे मुलांनी जमवलेल्या रकमेपुढे किरकोळ होते. उरलेली रक्कम मुलांनी बँकेत ठेवली आहे. परदेशी वाद्याचा बेत त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडावा असे आमचेही म्हणणे नाही. एखादे चांगले व्हायोलिन हवे असेल तर ते कोठूनही आणावे. व्हायोलिनला जागा थोडी लागते, भाडे कमी पडते. पण आता त्यांना ठाऊक आहे की छापील किमतीवर निम्म्याहून अधिक रक्कम वेगळी बाजूला ठेवावी लागेल, खोक्याचे माप आधी विचारावे लागेल, आणि पावतीवर खरीच किंमत लिहावी लागेल.

मुंबईचे जकात नाके 2017 मध्ये बंद झाले. मुलुंडला ट्रकांच्या रांगा लागत तेथून आज गाड्या थेट जातात. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून बोगद्याने घाट ओलांडतो. त्यालाही टोल आहेच. नाक्याची जागा बदलते, रांजणाचा आकार बदलतो. आम्ही मुलांना एकदा नाणेघाटात न्यायचे ठरवले आहे. नुकत्याच दुरुस्त झालेल्या पेटीसह घाट चढणे झेपणार नाही, तेव्हा ती खाली वैशाखऱ्यातच ठेवू. वर रांजणाजवळ बसून एखादे भक्तिगीत पेटीवाचूनच म्हणू. गळ्यातल्या सुरावर अजून कोणी जकात बसवलेली नाही.